मंजुरी वर, यादी खाली



या वेळी एका भगिनीने प्रश्न पाठवला आहे. तो तिच्या एकटीचा नाही, म्हणून सगळ्यांसाठी घेतो आहे. ती विचारते, ‘घरकुलासाठी सरकार अडीच लाख देते असे सगळे सांगतात. पण मागायचे कुणाकडे? नगरसेवक म्हणतात नगरपालिकेत जा. नगरपालिकेत म्हणतात मंजुरी वरून यायची आहे. मोहल्ल्यातला एक माणूस म्हणतो दहा हजार द्या, मी काम करून देतो. यातले खरे कोणते?’

पहिली दोन उत्तरे खरी आहेत, तिसरे खोटे आहे. पहिली दोन एकमेकांच्या विरुद्ध वाटली तरी ती एकाच साखळीची दोन टोके आहेत. घरांची मंजुरी मुंबईत आणि दिल्लीत होते. मात्र कुणाला मंजुरी द्यायची ती यादी आपल्या नगरपालिकेत, नगरपंचायतीत किंवा ग्रामसभेत तयार होते. त्या यादीत नाव नसेल तर वर बसलेला मोठ्यात मोठा अधिकारीही तुमचे घर मंजूर करू शकत नाही, कारण त्याच्यासमोर तुमचा कागदच आलेला नसतो. या महिन्याच्या सदरात ही साखळी कडीकडीने पाहू.

हा प्रश्न जिवाचा का आहे

कायदेशीर आणि परवडणारे घर मिळाले नाही म्हणून कुटुंब उघड्यावर राहत नाही. ते मिळेल त्या छपराखाली जाते. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाट्याची लकी कंपाउंड इमारत कोसळली आणि ७४ माणसे गेली. मृतांत लहान मुले बरीच होती. इमारतीला परवानगी नव्हती. वरचे बांधकाम चालू असतानाच खालच्या मजल्यांवर लोक राहायला आले होते. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीत पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत पडली, त्यात ३५ हून अधिक जीव गेले. या घरांत राहणारी माणसे बेफिकीर नव्हती. हातात होते तेवढ्या पैशांत जे मिळाले ते त्यांनी घेतले होते.

१६ जुलै २०१९ ला डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग कोसळला. किमान १३ जण मृत्यू पावले. ढिगारा उपसणे चालू असतानाच वाद सुरू झाला की इमारत कुणाच्या अखत्यारीत होती. पडलेला भाग अनधिकृत होता, तो आमचा नव्हे, असे म्हाडाचे म्हणणे होते. मेलेल्यांच्या घरच्यांना त्या वादाचा उपयोग नव्हता. जिवंत माणसांना मात्र त्यातून एक गोष्ट शिकता येते. आपले घर कोणत्या कार्यालयाच्या ताब्यात येते, हे इमारत उभी असतानाच माहीत असायला हवे.

कोणते घर, कोणते कार्यालय

घरांच्या बाबतीत राज्यात एकच खिडकी नाही. वरती मंत्रालयात गृहनिर्माण विभाग आहे, तो धोरण ठरवतो. त्याच्या खाली वेगवेगळ्या यंत्रणा काम करतात.

झोपडपट्टी पुनर्वसनासाठी झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आहे, म्हणजे आपण एसआरए म्हणतो ते. दक्षिण मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त चाळी आणि इमारती म्हाडाच्या दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे येतात. बिल्डरकडून नवी सदनिका घेत असाल तर तुमची दाद महारेराकडे, तिचे काम १ मे २०१७ पासून सुरू झाले. सरकारी सोडतीतले घर हवे असेल तर म्हाडा. स्वतःची जागा आहे आणि पक्के घर बांधायचे आहे, तर शहरात नगरपालिका किंवा महानगरपालिका आणि गावात ग्रामपंचायत.

म्हाडा हे नाव सगळ्यांच्या तोंडी असते, म्हणून तिच्याबद्दल थोडे. महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास कायदा १९७६ चा. त्यानुसार डिसेंबर १९७७ मध्ये हे प्राधिकरण उभे राहिले आणि आधीची वेगवेगळी मंडळे त्यात आली. आज मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती आणि छत्रपती संभाजीनगर अशी तिची विभागीय मंडळे आहेत. मुख्यालय वांद्रे पूर्वेला गृहनिर्माण भवनात आहे. पण मालेगावच्या माणसाला वांद्र्याला जाण्याची गरज नाही, त्याचे काम नाशिक मंडळाकडे. मिरजेच्या माणसाचे पुणे मंडळाकडे.

अडीच लाखांचा प्रवास

आता भगिनीच्या प्रश्नातल्या अडीच लाखांकडे येऊ. प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २५ जून २०१५ ला सुरू झाली. तिचा दुसरा टप्पा १ सप्टेंबर २०२४ पासून पाच वर्षांसाठी आहे आणि देशभरात एक कोटी कुटुंबांचे उद्दिष्ट आहे. स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या गरीब कुटुंबाला महाराष्ट्रात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे किमान एक लाख, असे अडीच लाख मिळतात. हे कर्ज नाही, अनुदान आहे. परत करायचे नसते.

हे पैसे असे येतात. नगरपालिका अर्ज घेते, कागद तपासते, जागा पाहते आणि पात्र कुटुंबांचा मिळून एक प्रकल्प अहवाल तयार करते. यालाच कार्यालयात ‘डीपीआर’ म्हणतात. तो अहवाल राज्याच्या यंत्रणेकडे जातो. महाराष्ट्रात शहरी आवास योजनेची ही समन्वयाची जबाबदारी म्हाडाकडे दिलेली आहे. तिथे छाननी होऊन अहवाल राज्यस्तरीय मंजुरी व देखरेख समितीसमोर ठेवला जातो.

सगळ्यात महत्त्वाची कडी हीच समिती. राज्याचे मुख्य सचिव तिचे अध्यक्ष असतात. गृहनिर्माण, नगरविकास, वित्त, महसूल अशा खात्यांचे वरिष्ठ अधिकारी आणि बँकांचा प्रतिनिधी तिच्यावर असतो. कोणत्या शहराचा प्रकल्प मंजूर करायचा, राज्याचा वाटा कसा द्यायचा, कुठे काम रखडले आहे, बांधकामाचा दर्जा कसा आहे, हे तिने पाहायचे असते. दर्जा तपासायला त्रयस्थ संस्था नेमण्याची आणि सामाजिक लेखापरीक्षण करण्याची तरतूदही योजनेत आहे. समितीने होकार दिला की प्रस्ताव दिल्लीला केंद्रीय मंजुरी समितीकडे जातो. मग केंद्राचा वाटा राज्याला तीन भागांत मिळतो: ४० टक्के, पुन्हा ४० टक्के आणि शेवटी २० टक्के.

तुमच्या खात्यातही रक्कम एकदम येत नाही. पायाचे काम झाले, भिंती आणि स्लॅब झाला, घर पूर्ण झाले, अशा टप्प्यांवर नगरपालिकेचा माणूस येऊन मोबाइलवर जागेच्या खुणेसह फोटो घेतो. त्याला ‘जिओ टॅगिंग’ म्हणतात. फोटो चढला की पुढचा हप्ता थेट बँक खात्यात येतो. हप्ता अडला तर आधी हा प्रश्न विचारायचा: माझ्या कोणत्या टप्प्याचा फोटो चढला आहे आणि कोणत्या तारखेला? पुष्कळदा अडचण मंत्रालयात नसते. फोटो काढायलाच कुणी आलेले नसते.

मोठ्या समितीकडे तुमचे वैयक्तिक प्रकरण जात नाही, हे यातून लक्षात येईल. तिच्यापुढे शहराचा आकडा जातो. अमुक नगरपालिका, इतकी कुटुंबे, इतकी रक्कम. त्या आकड्यात तुम्ही मोजले गेलात की नाही, हे खालच्या टेबलावर ठरते.

गावात काय होते

गावासाठी प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ पासून आहे. सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार हे तिचे मूळ अनुदान. शिवाय रोजगार हमीतून ९० ते ९५ दिवसांची मजुरी आणि स्वच्छ भारत योजनेतून शौचालयासाठी १२ हजार रुपये मिळतात. घर किमान २५ चौरस मीटरचे हवे. खर्चात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो.

आपल्या वाचकांनी यातली एक तरतूद लक्षात ठेवावी. ग्रामीण योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत राष्ट्रीय पातळीवर शक्य तोवर १५ टक्के निधी अल्पसंख्याकांसाठी राखण्याचे म्हटले आहे. शहरी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातही विधवा, एकट्या स्त्रिया, अपंग, ज्येष्ठ नागरिक यांच्याबरोबर अल्पसंख्याकांना प्राधान्य देण्याचा उल्लेख आहे. राज्याची मोदी आवास घरकुल योजना इतर मागासवर्गीयांसाठी आहे. मुस्लिम समाजातल्या मोमीन, पिंजारी, तांबोळी यांसारख्या ज्या जमाती ओबीसी यादीत आहेत, त्यांनाही ती लागू होते. त्यासाठी जातीचा दाखला लागतो, आणि आपल्याकडे हा दाखला मुलाच्या कॉलेज प्रवेशाची वेळ आल्याशिवाय कुणी काढत नाही.

पण पुन्हा तीच गोष्ट. १५ टक्के हा आकडा वरचा आहे. यादीवर शेवटची चर्चा ग्रामसभेत होते. कोण बेघर, कोणाचे घर कच्चे, कोणाचे नाव चुकून गळले, हे तिथे बोलले जाते. ग्रामसभेला आपल्या वस्तीतून चार माणसे गेली नाहीत तर आपले कच्चे घर कोण दाखवणार? आणि बायकांनी तर जायलाच हवे. घर गळते कुठे, हे त्यांच्याइतके कुणाला माहीत नसते. नाव गळले असेल तर लेखी हरकत द्या, पोच घ्या. पंचायत समितीत गटविकास अधिकारी आहेत आणि त्यावर जिल्हा पातळीवर अपील समितीची सोय आहे.

सोडतीचे घर

ज्यांच्याकडे जागाच नाही ते शहरात म्हाडाच्या सोडतीकडे पाहतात. मागणी किती मोठी आहे ते पाहा. २०२४ च्या मुंबई मंडळाच्या सोडतीत २,०३० घरे होती आणि १ लाख १३ हजारांहून अधिक अर्ज. म्हणजे एका घरामागे पन्नासहून अधिक कुटुंबे. त्याच वेळी कोकण मंडळाची विरार-बोळींजची हजारो घरे वर्षानुवर्षे विकली जात नव्हती आणि म्हाडाला ती ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ या पद्धतीने द्यावी लागली. घर बांधले की प्रश्न सुटतो असे नाही. पाणी, रेल्वे, कामाचे ठिकाण आणि हप्ता परवडणे, हे सगळे जुळावे लागते. धोरण ठरवणाऱ्यांनी याचे उत्तर द्यायला हवे.

सोडतीत उत्पन्न गटाचे गणित समजून घ्या. मुंबई, पुणे आणि नागपूर महानगर क्षेत्रांत वार्षिक ६ लाखांपर्यंत अत्यल्प गट, ६ ते ९ लाख अल्प गट, ९ ते १२ लाख मध्यम गट आणि त्यापुढे उच्च गट. उर्वरित महाराष्ट्रात अत्यल्प गटाची मर्यादा साडेचार लाख आणि अल्प गटाची साडेसात लाख. पती-पत्नी दोघांचे उत्पन्न मिळून हा हिशेब होतो. शहरी आवास योजनेत मात्र दुर्बल गटाची मूळ मर्यादा ३ लाख आहे, आणि केंद्राच्या संमतीने राज्याला ती बदलता येते. एका योजनेत बसलो म्हणजे दुसरीत बसलो, असे धरून चालू नका.

सोडतीतली सगळीच घरे म्हाडाने बांधलेली नसतात. राज्याच्या नियमाप्रमाणे दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर गृहप्रकल्प करणाऱ्या बिल्डरने २० टक्के घरे अत्यल्प व अल्प गटांसाठी ठेवायची असतात. तीही म्हाडाच्या सोडतीतून जातात. नियम चांगला आहे. पण तो पाळला जातो का, हे कुणीतरी मोजावे लागते. २०२२ मध्ये नाशिकच्या अशा घरांचा हिशेब विधान परिषदेत मागितला गेला आणि प्रकरण राज्यभर गाजले. महानगरपालिकेने म्हाडाला कळवायचे, म्हाडाने पाठपुरावा करायचा आणि विभागाने दोघांना विचारायचे, अशी ही रचना आहे. यातले एक जरी झोपले तर गरिबाचे घर कागदावर राहते.

सोलापूरच्या विडी कामगार बायका

खालून तयार झालेल्या यादीत किती ताकद असते, हे पाहायचे तर सोलापूरला जावे. तिथे विडी वळणाऱ्या बायकांत तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली जशा आहेत तशा मुस्लिम बायकाही आहेत. दिवसभर मांडीवर सूप घेऊन पाने कापायची आणि भाड्याच्या खोलीत राहायचे. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने या कामगारांनी सहकारी संस्था केली, वर्गणी भरली, याद्या तयार केल्या, मोर्चे काढले. शहरालगत कुंभारीला आधी १०,००० घरांची वसाहत उभी राहिली, ती २००६ मध्ये कामगारांना मिळाली. पुढे त्याच परिसरात रे नगर हा ३०,००० घरांचा प्रकल्प प्रधानमंत्री आवास योजनेत मंजूर झाला. त्यातल्या १५,००० घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला दिल्या गेल्या.

पैसे केंद्राचे, राज्याचे आणि कामगारांचे होते. मंजुरी त्याच समित्यांची होती, ज्यांची नावे वर आली. मालेगावच्या यंत्रमाग कामगारांना, भिवंडीच्या मजुरांना आणि मिरजेच्या फेरीवाल्यांना तेच नियम लागू आहेत. सोलापुरात यादी एकेकट्याने हातात धरलेली नव्हती, हजारो जणींनी मिळून वर नेली होती. आपल्या मोहल्ल्यातली बचत गटाची बाईदेखील वीस घरांचे कागद एकत्र करून नगरपालिकेत नेऊ शकते. वीस अर्ज एकदम आले की टेबलावरचा माणूसही वेगळ्या नजरेने पाहतो.

अर्ज कुठे अडतात

आपल्या घरांतले अर्ज बहुतेक वेळा तीन कारणांनी अडतात.

पहिले कारण नाव. आधार कार्डावर ‘फातिमा’, रेशन कार्डावर ‘फातेमा बी’, बँकेत नवऱ्याचे आडनाव आणि शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे. ‘मोहम्मद’ आणि ‘शेख’ यांची तर किती रूपे लिहिली जातात, ते आपण जाणतोच. संगणकाला ही चार वेगळी माणसे वाटतात. योजना जाहीर झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधार, बँक, रेशन आणि मतदार ओळखपत्र या चार ठिकाणी नाव एकसारखे करून ठेवा. लग्नानंतरचे नाव सिद्ध करायला निकाहनामा जपून ठेवाच, पण नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत विवाह नोंदणी करून तिचे प्रमाणपत्रही घ्या. १९९८ च्या राज्याच्या कायद्यानुसार ती नोंदणी होते.

दुसरे कारण जागा. घर तीन पिढ्यांचे असते, पण मालमत्ता पत्रक किंवा नमुना ८ अजूनही दादाजानच्या नावावर असतो. ते जाऊन वीस वर्षे झालेली असतात. वारस नोंद झालेली नसते आणि झालीच तर बहिणींची नावे गाळून झालेली असते. मग घरकुलाच्या वेळी कुणाचे संमतीपत्र कुठून आणायचे, हा प्रश्न पडतो आणि भावंडांत कटुता येते. वारस नोंद वेळेवर आणि सगळ्यांची नावे घालून करा. बहिणीचा वाटा हा तिचा हक्क आहे, तो लपवून मिळवलेले घरकुल उद्या कोर्टात अडकते.

तिसरे कारण ‘कुटुंब’ या शब्दाचा अर्थ. आवास योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुले-मुली. त्यामुळे एकाच चुलीवर जेवणारा विवाहित मुलगा वेगळे कुटुंब ठरतो. वडिलांच्या नावावर पक्के घर आहे म्हणून त्याचा अर्ज आपोआप बाद होत नाही. मात्र त्याच्या स्वतःच्या, पत्नीच्या किंवा अविवाहित मुलांच्या नावावर देशात कुठेही पक्के घर नसावे, आणि दुसऱ्या टप्प्याच्या नियमाप्रमाणे गेल्या वीस वर्षांत कोणत्याही सरकारी घरकुल योजनेचा लाभ घेतलेला नसावा.

घर कुणाच्या नावावर

शहरी योजनेतले घर कुटुंबातल्या स्त्रीच्या नावावर किंवा पती-पत्नी दोघांच्या नावावर असावे, असा नियम आहे. घरात प्रौढ स्त्री नसेल तरच ते एकट्या पुरुषाच्या नावावर होते. काही पुरुषांना हा नियम अडचणीचा वाटतो. त्यांनी असा विचार करावा. नवरा वारला तर त्याच्या हिश्शाची वाटणी वारसांत होते, पण पत्नीचा स्वतःचा हिस्सा तिचाच राहतो. इद्दत संपते न संपते तोच सासरचे घर सोडावे लागलेल्या बहिणी आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. त्या कागदावरचे नाव ही त्यांची ढाल आहे. लेकीसाठी जे मागाल ते सुनेलाही द्या.

व्याजाचा प्रश्न

‘व्याजाच्या कर्जात पडायचे नाही, मग सरकारी योजना आपल्या कामाची नाही,’ असे पुष्कळ कुटुंबे म्हणतात. इथे योजनेचे भाग वेगळे करून पाहिले पाहिजेत. स्वतःच्या जागेवर घर बांधण्याचे अनुदान हे कर्ज नाही, त्यात बँकेचा संबंध फक्त खात्यापुरता आहे. भागीदारीतल्या परवडणाऱ्या घरांनाही सरकारचे अनुदान असते, उरलेली रक्कम तुम्ही कशी उभी करता हा तुमचा प्रश्न. व्याज सवलतीचा भाग मात्र गृहकर्जावरच उभा आहे. ३५ लाखांपर्यंतच्या घरासाठी २५ लाखांपर्यंत कर्ज, त्यातल्या पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के सवलत आणि जास्तीत जास्त १ लाख ८० हजारांचा लाभ पाच हप्त्यांत. तो घ्यायचा की नाही, हे ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारून ठरवावे. पण एका भागामुळे सगळी योजना सोडून देऊ नये.

तो दहा हजारवाला

आता भगिनीच्या प्रश्नातला तिसरा माणूस. म्हाडा आपल्या सोडतीसाठी कुणीही दलाल नेमलेला नाही, असे वारंवार जाहीर करते. सोडत संगणकावर सर्वांसमोर होते, अनामत रक्कम ऑनलाइन भरली जाते आणि घर न लागल्यास परत मिळते. घरकुलाच्या यादीतही पैसे घेऊन नाव घालण्याचा अधिकार कुणाला नाही. तो माणूस करतो काय? दहा जणांकडून पैसे घेतो. त्यातल्या दोघांचे काम नियमाने होणारच असते. ते झाले की श्रेय घेतो आणि आठ जणांना ‘वरून मंजुरी यायची आहे’ सांगतो. साखळी माहीत नसल्यामुळे आपण ते खरे मानतो.

बिल्डर स्वस्तात सदनिका देतो म्हणाला तर आधी महारेराचा नोंदणी क्रमांक मागा आणि तो संकेतस्थळावर स्वतः तपासा. मुलाला सांगा, पाच मिनिटांचे काम आहे. करारनामा नोंदवण्याआधी घराच्या किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम मागता येत नाही, आणि ग्राहकांच्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. हा देशाचा कायदा आहे. साध्या कागदावर लिहिलेली पावती आणि ‘अपनाच आदमी है’ हा भरवसा, यांवर कष्टाची कमाई देऊ नका.

अर्ज दिला, पोच घेतली, तरी उत्तर नाही, तर माहितीचा अधिकार आहे. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, तीस दिवसांत उत्तर. प्रश्न मोजके आणि नेमके लिहा. माझा अर्ज क्रमांक अमुक कोणत्या प्रकल्प अहवालात आहे? तो अहवाल राज्य समितीकडे कोणत्या तारखेला पाठवला? मंजूर झाला असल्यास पत्राची प्रत द्यावी. नसल्यास कारण लेखी द्यावे. उत्तर आले नाही तर त्याच कार्यालयात पहिले अपील करता येते.

या महिन्यात करण्यासारखे

घरातली एक जाड फाइल घ्या. त्यात आधार, रेशन कार्ड, बँक पासबुकाची प्रत, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला, विवाह नोंदणी, आणि जागा असेल तर मालमत्ता पत्रक, सातबारा किंवा नमुना ८ आणि घरपट्टीची पावती लावा. मग नगरपालिकेच्या आवास कक्षात किंवा ग्रामसेवकाकडे जाऊन एकच प्रश्न विचारा: सध्याच्या यादीत माझे नाव आहे का, नसेल तर घालण्यासाठी काय हवे? योजनांच्या रकमा आणि अटी शासन निर्णयाने बदलत असतात, म्हणून ताज्या शासन निर्णयाची प्रतही तिथेच मागा. जाताना शेजारच्या विधवा बहिणीलाही बरोबर घ्या. तिच्याकडे फाइल नसेल तर तुमच्या मुलीला तिची फाइल करून द्यायला सांगा.

प्रश्न पाठवणाऱ्या भगिनीला एवढेच सांगतो: दहा हजार जपून ठेवा, घर मंजूर झाल्यावर पायाच्या विटांना उपयोगी येतील. तुमच्या नगरपालिकेचे उत्तर लेखी आल्यावर या सदराला जरूर कळवा. पुढील अंकात भाडेकरूंचे करारनामे आणि अनामत रकमेची भांडणे हा विषय घेऊ. त्याविषयीचे प्रश्न आताच पाठवून ठेवावेत.